सरांच्या वह्या सापडल्यात, टोपणनावं ओळखायला मदत करा

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी, बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

शाळेचं नाव आणि सरांचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, काकूंना आवडणार नाही आणि सरांना तर त्याहून नसतं आवडलं. कळायचं त्यांना कळेलच. सातारा, नव्वदीचा काळ, बीजगणित-भूमितीचे सर. पीटीचे सर वेगळे होते, ते बिचारे लेझीम आणि कवायतीतच अडकलेले, पळवायचं काम यांचं. गळ्यात स्टॉपवॉच, त्याची मूळची दोरी कधीच तुटलेली म्हणून पायजम्याची नाडी घातलेली. सायकलच्या कॅरिअरला फक्कीची पिशवी, त्यामुळे पॅन्टला मागून कायम पांढरा डाग. पोरं मागून ‘घड्याळ आलं’ म्हणायची, सरांना माहीत होतं.

दिवाळीनंतर सर गेले, झोपेतच. संगम माहुलीला गर्दी एवढी की गाड्या पार रस्त्यावर लावाव्या लागल्या. फौजी कटिंगवाले, पोलीस, बँकवाले, आणि एक बाई तर थेट ड्युटीवरून आलेल्या, कंडक्टरच्या खाकी ड्रेसमध्ये, खांद्याला तिकिटाचं मशीन तसंच.

परवा काकूंनी बोलावून घेतलं. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली तर आत वह्या, अकरा आहेत, शंभर पानी, खाकी कव्हर घातलेल्या. सगळ्या वह्यांत फक्त वेळा. तारीख, अंतर, मग एक शब्द, मग मिनिट-सेकंद. काकू म्हणाल्या, ‘तुम्हीच बघा काय ते, मला यातलं काही कळत नाही, रद्दीत घालवत नाही एवढंच.’

आता गंमत अशी की नावं कुठेच नाहीत. टोपणनावं आहेत, तीही सरांनी स्वतः ठेवलेली, आम्हाला यातली निम्मी कधी ऐकूनही माहीत नाहीत. दूध. चप्पल. माहुली. उगाच. दप्तर. ता. (नुसतं ता आणि टिंब). मोही. काकडी. अशी साठेक तरी असतील. मी रोज रात्री दोन पानं मोबाईलवर टाइप करून घेतोय, आमच्या हिला वाटतंय मी शेअर मार्केट करतोय.

माझा विचार असा की ज्याची त्याची पानं झेरॉक्स काढून ज्याची त्याला द्यायची. तर ओळखा.

पुणेकर_नाइलाजाने

अरे बापरे. सर गेले हे आत्ता इथे कळतंय मला. पाच मिनिटं नुसता बसून होतो.

चप्पल म्हणजे मी. शंभर टक्के मी. आठवीत असताना बूट नव्हते, अनवाणी पळायला लाज वाटायची म्हणून स्लीपर घालून पळायचो आणि प्रत्येक राउंडला एक तरी निसटायची. सरांनी एक दिवस दोन्ही काढून घेतल्या आणि टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या, शाळा सुटल्यावर दिल्या. ‘पाय दिलेत की देवानं, ते वापर आधी.’ दुसऱ्या दिवसापासून मैदानाची एक लेन ते स्वतः पहाटेच झाडून ठेवायचे, खडे वेचून. फक्त एक लेन. माझ्यासाठी आहे असं कधी बोलले नाहीत.

माझी पानं हवीतच. कुरिअरचा खर्च देतो.

बोगद्यापलीकडची

वाचतेय. खूप छान धागा.

फौजी_निवृत्त

रामराम. मी अपशिंग्याकडचा. आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत, पैल्या महायुद्धापासनं तीच रीत हाय, त्यामुळं मला काय इचारायचा प्रश्नच नव्हता, भरतीला जायचं एवढंच ठरल्यालं. १६०० मीटर साडेपाच मिनटाच्या आत आलं तर पुरे मार्क. मी सरांकडं आलो तवा सा मिनिट चाळीस सेकंद लागत हुती. सरांनी मला तीन म्हैने एकदाबी १६०० पळू दिलं नाय. चारशे पळ, थांब, चारशे पळ, थांब. मधी थांबायचं किती तर नाडीचं ठोके पंधरा सेकंदात मोजायचं आन त्याला चारनं गुणायचं, १२० च्या खाली आलं की पुढचा. मला गुणाकार येत नव्हता धड, त्यो बी तितंच आला.

आन एकच सांगायचं, ‘पैला राउंड जिंकतो त्यो भरतीत जात नाय.’ सगळी पोरं शिट्टी वाजली की कुत्रं मागं लागल्यागत सुटत्यात आन तिसऱ्या राउंडला बसत्यात. मी कोल्हापूरच्या भरतीत पैल्या राउंडला मागनं चौथा हुतो, संपताना पुढनं सातवा. नायक, हवालदार, सुभेदार म्हणून रिटायर झालो. माझं टोपणनाव काय असंल ठावं नाय. बघा काय मिळतंय का.

शाहूपुरीकर

@फौजी_निवृत्त साहेब, सहाव्या वहीत ‘सहाचाळीस’ असं एक टोपणनाव आहे आणि मला वाटत होतं ही वेळ आहे. शेवटची नोंद ५-२१, शेजारी बरोबरची खूण, मग नाव बंद. तुम्हीच ना?

फौजी_निवृत्त

व्हय.

कंदीपेढा

सरांनी पोरांच्या प्रवासखर्चासाठी घर गहाण टाकलं होतं असं आमचे वडील सांगायचे. असे शिक्षक आता होणे नाही. दंडवत.

माचीवरचा

@कंदीपेढा, वडिलांचा मान राखून सांगतो, ती गोष्ट खाशाबा जाधवांची आहे. गोळेश्वरचे, कराडजवळ. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले, आणि खाशाबांनी कुस्तीत ब्राँझ आणलं. सर ही गोष्ट दर वर्षी नवीन बॅचला सांगायचे, त्यामुळे सांगणाऱ्याला चिकटली असणार.

आमच्या सरांचं घरच भाड्याचं होतं, गहाण काय टाकणार. पण सोसायटीतनं कर्ज काढलं होतं एकदा हे खरं आहे, टेप आणायला. तीस मीटरची स्टीलची टेप. शाळेची कापडी टेप होती ती पावसात भिजून ताणलेली, सर म्हणाले हिच्यावर मोजलेलं अंतर म्हणजे खोटं बोलणं.

टेपवरून आठवलं ते सांगतोच, लांबण लागेल पण माफ करा. मैदान आखायचा दिवस म्हणजे नववीचा वर्तुळाचा धडा असायचा, वर्गात शिकवायचेच नाहीत तो. मधोमध खुंटी मारायची, सुंभाची दोरी लावायची, दोरीच्या टोकाला एका पोराच्या हातात फक्कीचा डबा, तळाला भोकं पाडलेला. पोरगं दोरी ताणून चालत जाणार आणि मागे अर्धवर्तुळ उमटत जाणार. मग लेन. एक लेन एक मीटर बावीस सेंटीमीटर. आता बाहेरच्या लेनवाल्याला किती पुढे उभं करायचं? दोन गुणिले पाय गुणिले एक पॉइंट बावीस, सात मीटर सदुसष्ट. आणि मग सर तो प्रश्न टाकायचे, मैदान दुप्पट मोठं केलं तर? सगळी पोरं ओरडायची, दुप्पट सर! सर काही बोलायचे नाहीत. दोरी दुप्पट करून परत आखायला लावायचे आणि परत मोजायला लावायचे. सात सदुसष्ट. त्रिज्या गेली कुठे? वजाबाकीत गेली. मला आज पन्नाशीत पायची किंमत विचारली तर आधी फक्कीचा वास येतो.

सहस्रबुद्धी

छोटी दुरुस्ती. दुसऱ्या लेनचं अंतर ७.०४ येतं, ७.६७ नाही. पहिल्या लेनचं माप आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटरवर घेतात आणि बाकीच्या लेनचं रेषेपासून २० वर. ७.६७ तिसऱ्या लेनपासून पुढे प्रत्येकी वाढतं.

माचीवरचा

@सहस्रबुद्धी, तुम्ही सरांच्या हाताखालचेच दिसताय. हो, ते दहावीला सांगायचे. नववीला एवढंच पुरे म्हणायचे.

सहस्रबुद्धी

मी सांगलीचा. सरांना ओळखत नव्हतो. पण धागा वाचून वाईट वाटतंय की का नव्हतो.

तारा_गोडोली

मी ‘ता.’ असणार. बाकी कोणी ता नव्हतं, आणि मुलींमध्ये तर पळायलाच आम्ही तिघी.

इथे सगळे चांगलंच लिहितायत म्हणून दोन दिवस लिहू का नको करत होते. मला सरांचा राग आहे. होता नाही, आहे. जिल्ह्याला १५०० मीटरला दुसरी आले, पुढे विभागीय कोल्हापूरला. पिशवी भरून ठेवलेली, आईने दशम्या करून दिलेल्या. आदल्या दिवशी संध्याकाळी सर घरी आले आणि बाबांशी ओसरीवर बोलले, मला आत बसवलं. कारण काय तर बरोबर यायला बाई शिक्षिका नाही, ज्या येणार होत्या त्यांच्या घरी कोणी आजारी. बाबा म्हणाले मग नको, आणि सर म्हणाले बरं. बरं! एक शब्द भांडले नाहीत. मुलांना घेऊन पहाटेच्या एसटीने जायचं होतं ते मात्र गेले.

पुढच्या आठवड्यात मला शाळा सुटल्यावर एकटीला मैदानावर बोलावलं आणि म्हणाले पळ, साडेसात राउंड. मी पळाले ते निव्वळ रागाने, शेवटचे दोन राउंड मला डोळ्यातल्या पाण्यामुळे रेष दिसत नव्हती. झाल्यावर वेळसुद्धा सांगितली नाही. वहीत लिहिली आणि गेले. त्यानंतर मी कधी पळाले नाही. अकरावीला दुसरं कॉलेज घेतलं.

स्मशानात गेले होते मी. तरीही सांगते, राग आहे.

बोगद्यापलीकडची

@तारा_गोडोली +१. बाई शिक्षिका नाही हे कारण आमच्या वेळीपण, आमच्या शाळेतपण. खोखोची अख्खी टीम बसली होती आमची घरी. ज्यांच्या घरी भाऊ पळत होता त्यांना विचारा मुलींच्या पिशव्या किती वेळा भरून परत सोडल्या.

कंदीपेढा

त्या काळात परिस्थितीच तशी होती हो ताई, सरांना दोष देऊन काय उपयोग. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं.

तारा_गोडोली

@कंदीपेढा, परिस्थिती माझ्यावर होती, तुमच्यावर नव्हती. बोलू द्या.

शाहूपुरीकर

@तारा_गोडोली, ताई, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री चौथी वही परत काढली. आधी वाटलेलं टाकू नये. मग वाटलं तुमचंच आहे, तुम्हाला नाही तर कुणाला.

पान असं आहे. डाव्या बाजूला ‘१५०० कोल्हापूर मुली’ आणि खाली तीन वेळा, नावं नाहीत, नुसतं पहिली ५-१८.२, दुसरी ५-२६.०, तिसरी ५-२७.९. म्हणजे सर तिथे मुलांना घेऊन गेले असताना मुलींच्या शर्यतीलाही उभं राहून वेळ घेऊन आले. उजव्या बाजूला सात दिवसांनंतरची तारीख, ‘ता. शाळा मैदान एकटी’, ५-२१.४. त्याच्याखाली दोन ओळी रिकाम्या सोडल्यात. बाकी अकरा वह्यांत सरांनी कागद कधी वाया घालवलेला नाही, समासात पण लिहिलंय, फक्त या पानावर दोन ओळी मोकळ्या आहेत.

बस एवढंच आहे. यापेक्षा जास्त काही लिहिलेलं नाही.

माचीवरचा

त्यात दोनशे मीटरचं मैदान. वळणं दुप्पट, आणि मातीचं. एकटी पळताना पुढे कोणी ओढायला नाही. चारशेच्या ट्रॅकवर हीच मुलगी पाच-पंधरा सोळाच्या आसपास.

सहस्रबुद्धी

तसं ठामपणे म्हणता येणार नाही, पण वेगवान असती हे नक्की.

तारा_गोडोली

वाचलं.

पान पाठवा. राग आहे तो राहू दे, त्याची सवय झालीय. पण पान पाठवा. मुलगी विचारतेय आई तू एवढी पळायचीस का, तिला खरं वाटत नाही.

माहुलीचा_राजा

माहुली म्हणजे मी, हे सांगायला नको. एसटी चुकली की पळत यायचो, दप्तरासकट, आणि एसटी रोज चुकायची कारण तिकिटाचे पैसे मी वड्यात घालवायचो. सरांनी हे ओळखलं कसं माहिती नाही, पण एक दिवस पोवई नाक्यावर सायकल घेऊन उभे. मला वाटलं आता मार. तर घड्याळ दाबलं आणि म्हणाले, ‘उद्या कालच्यापेक्षा कमी.’ बास. बापाला सांगितलं नाही की काही नाही. वर्षभर रोज त्यांना येऊन वेळ सांगायची, मी खोटी सांगितली की त्यांना कळायचं, म्हणायचे परत जा आणि परत ये, आणि शाळेची घंटा होऊन गेलेली असली तरी पोवई नाक्यापर्यंत जाऊन यायला लागायचं.

दप्तर म्हणजे कोण मग? मला वाटायचं तोही मीच.

अवांतर: ‘उगाच’ कोण आहे ते मला माहिती आहे 😄

शाहूपुरीकर

कोण?

माहुलीचा_राजा

अरे लेका तूच की. आठव. पळून झाल्यावर सर भिजवलेले हरभरे आणि गूळ-शेंगदाणे द्यायचे, त्यासाठी यायचास तू. दोन राउंड मारायचास आणि बुटाची नाडी बांधत बसायचास. सरांनी एकदा विचारलं पण होतं तुला, का येतोस रे, तर तू म्हणालास ‘उगाच, सर’.

शाहूपुरीकर

हे मी खरंच विसरलो होतो. तीन आठवडे झाले मी स्वतःला शोधतोय अकरा वह्यांत आणि नाव ‘उगाच’ निघालं.

पण आत्ता मोजलं. उगाच १४२ वेळा आलाय. कधीही पहिल्या दहात नाही. आणि १४२ च्या १४२ वेळा वेळ लिहिलेली आहे, दशांश चिन्हासकट.

पुणेकर_नाइलाजाने

😂😂 आणि तूच धागा काढलास.

घाटाबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. रविवार म्हणजे समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट. सर सायकल खाली लावून चालत यायचे, पुढे जाऊन कुठल्यातरी वळणावर आधीच बसलेले असायचे, कसे ते देव जाणे (एसटीच्या ड्रायव्हरशी ओळख, दुसरं काय). आणि तिथून ओरडायचे, ‘सतरा नव्वे?’ उत्तर द्यायचं, एकशे त्रेपन्न. दमाने उत्तर आलं तर जाऊ द्यायचे. दम लागून अडखळला तर वेग कमी कर म्हणायचे. बोलता येईल एवढ्याच वेगाने चढायचं हे आता मोठे मोठे कोच पैसे घेऊन सांगतात, आमच्याकडून ते पाढे पाठ करून घ्यायचे. एकोणतीसचा विचारला की समजायचं आज सर खूश नाहीत. चढाला पाऊल लहान, नजर पुढच्या दहा फुटांवर, वर बघायचं नाही, हात कोपरातून मागे. आणि उतरताना शर्यत लावली तर हरभरे बंद. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू अख्ख्या अंगाला ब्रेक लावत असतात, दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही तो त्याचाच परिणाम, हे मला माझ्या फिजिओने पुण्यात पंचवीस वर्षांनी सांगितलं आणि बाराशे रुपये घेतले.

२०१२ ला हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली आणि आमच्याच घाटात देशभरातली माणसं भारी भारी बूट घालून पळायला लागली तेव्हा सर त्याच वळणावर बसून, मुंबईच्या पाव्हण्यांना ‘सतरा नव्वे?’ ओरडत होते. ते बिचारे थम्सअप दाखवून पुढे जायचे.

बोगद्यापलीकडची

हो हो! मी पळालेय त्यात एकदा, आणि ते आजोबा!! मी उत्तर दिलं होतं, चुकीचं. म्हणाले ‘हळू, हळू’. मला वाटलं लांबून चुकलेलं गणित कसं कळलं, म्हणजे दम लागलाय ते बघत होते होय.

शाहूपुरीकर

आता एकच मोठं कोडं. ‘मोही’. शेवटच्या, अकराव्या वहीत आहे. मोही माण तालुक्यातलं गाव, म्हणजे तिकडचं कोणी हॉस्टेलला असणार असं वाटून मी जुन्या चार-पाच जणांना फोन केले, कोणी ओळखत नाही. नोंदी दोनच. मोही ९-१९.७६. खाली मोही ९-२२.७४ आणि पुढे गोलात १०. अंतर लिहिलेलं नाही. ३००० असेल तर आपल्या शाळेत एवढं कोणी पळालंय का?

माचीवरचा

दोन गोष्टी खटकतायत. एक, सर हाताच्या घड्याळावर शंभरावा भाग कधीच लिहायचे नाहीत. अंगठ्याला तेवढी अक्कल नसते म्हणायचे, दहाव्या भागापर्यंतच, तोही वरचा धरायचा. इथे ७६ आणि ७४ आहे. म्हणजे हे त्यांच्या घड्याळावरचं नाहीच. दोन, अकरावी वही म्हणजे सर रिटायर झाल्यानंतरची. तेव्हा शाळेचं कोणी नव्हतंच.

सहस्रबुद्धी

मंडळी, ती ललिता बाबर आहे.

माण तालुका, मोही. रिओ ऑलिंपिक २०१६, ३००० मीटर स्टीपलचेस. हीटमध्ये ९:१९.७६, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. फायनलमध्ये ९:२२.७४ आणि दहावा नंबर, म्हणून गोलात १०. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची फायनल गाठणारी १९८४ च्या पी. टी. उषानंतरची पहिली भारतीय बाई. बघा ना तारीख काय आहे वहीत, १५ ऑगस्ट असणार.

शाहूपुरीकर

१५ ऑगस्टच आहे. वरची १३.

अंगावर काटा आला राव.

माहुलीचा_राजा

त्या दिवशी मी होतो त्यांच्याकडे!!! आत्ता पेटली ट्यूब. झेंडावंदनाचा दिवस, संध्याकाळी पेढे घेऊन गेलो होतो, सर टीव्हीसमोर स्टुलावर, हातात घड्याळ, नाडीसकट. अडथळे मोजत होते मोठ्याने, अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्यातल्या उड्या. काकूंनी चहा आणला तर हाताने थांब म्हणाले. संपल्यावर घड्याळ बघितलं, टीव्हीवरचा आकडा बघितला, म्हणाले ‘दोन सेकंद चुकलं माझं, सॅटेलाइटमुळे असंल’. आणि मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, दुष्काळी भागातली पोरगी, पाण्यात उड्या मारतीय बघ. मी पेढा दिला तर अर्धाच खाल्ला, शुगर होती.

माझ्या डोक्यातच आलं नाही की वहीत लिहिलं असेल. त्यांच्या दृष्टीने साताऱ्याची म्हणजे आपलीच, टोपणनाव पण दिलं.

कंदीपेढा

२०२३ ला आदिती स्वामी बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली, सतराव्या वर्षी, ती पण साताऱ्याचीच. ती आहे का वहीत?

शाहूपुरीकर

@कंदीपेढा, वेळ नाही ना त्यात. पण कात्रण आहे, मागच्या पानाला चिकटवलेलं, कणकेने, मुंग्या लागल्यात.

बरं आता कामाचं. झेरॉक्स झाल्यात. कुरिअर करत बसण्यापेक्षा येत्या रविवारी समर्थ मंदिर चौकात पावणेसहाला जमू, तिथून घाटातल्या सरांच्या वळणापर्यंत, पळत, चालत, गाडीवर, ज्याला जसं जमेल. वह्या मी घेऊन येतो, काकूंनी स्टॉपवॉच पण द्यायचं कबूल केलंय, सेल नवीन टाकलाय, चालू आहे. हरभरे आमची ही भिजवणार आहे, तिला आता सगळं सांगितलंय.

‘दूध’ मात्र अजून सापडला नाही. सगळ्यात जास्त पानं त्याचीच. सगळ्यांची वेळ साडेपाचला सुरू, त्याची रोज सव्वासहाला, एकट्याची. कोणाला काही?

फौजी_निवृत्त

वाढ्याकडनं सायकलीवर कॅन घिऊन येणारा एक हुता. रतीब घालून झाला की मैदानावर. कॅन गोलपोस्टला टांगून पळायचा. सर त्याच्यासाठी थांबायचं. नाव आता आठवत नाय, लई जोरात पळायचा पण.

तारा_गोडोली

रविवारी येतेय. मुलगीपण येतेय. ती चालणार म्हणते, बघू.

नवीन_सदस्य_वाढे

नमस्कार. मी इथे आजच अकाउंट काढलं. हा धागा कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवला तो आमच्या बाबांना वाचून दाखवला. दूध म्हणजे आमचे बाबा. ते मोबाईल वापरत नाहीत म्हणून मी लिहितोय.

१५०० ची त्यांची सगळ्यात चांगली वेळ वहीत काय आहे ते विचारतायत.

शाहूपुरीकर

४-३०.२. नवव्या वहीत, पान ६१. त्याखाली दोन रेघा मारल्यात सरांनी.

नवीन_सदस्य_वाढे

सांगितलं त्यांना. ते म्हणाले चूक आहे, ४-२९ होती, सरांनी घड्याळ उशिरा दाबलं त्या दिवशी कारण कॅनचं झाकण पडलं त्याचा आवाज झाला आणि सरांनी तिकडे बघितलं. तेव्हा पण भांडण झालं होतं म्हणे यावरून, आठ दिवस बोलत नव्हते, पण दूध रोज पोचवत होते.

रविवारी येतायत. गुडघा गेलाय म्हणून मी गाडीवर आणतो. घड्याळ दाबायला त्यांना द्याल का असं विचारतायत, कोणाचं दाबायचं ते चालेल म्हणे.